तिसरी घंटा नसलेला रंगमंच

१९६१ सालच्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये रात्रीचं दारूकाम सुरू होण्याआधी एक परी मॅटरहॉर्न नावाच्या कृत्रिम डोंगराच्या माथ्यावरून, तारेला लटकून, सरसरत खाली यायची. खाली माना वर करून उभ्या असलेल्या मुलांसाठी ती ‘पीटर पॅन’मधली टिंकर बेल होती. पंखांच्या आतली बाई सत्तर वर्षांची होती. टायनी क्लाइन तिचं नाव. हंगेरीत जन्मलेली, उभं आयुष्य सर्कशीत काढलेली, दातांच्या पकडीवर हवेत लटकण्याचं कसब कमावलेली. तार संपायची तिथे तिला झेलायला माणसं तयार असत. प्रेक्षकांना यातलं काही दिसत नसे. त्यांना दिसायचा तो अंधारातून सरकणारा एक चमकता ठिपका.

त्या तारेवरून दिवे लावलेली बाहुलीही सोडता आली असती. इतक्या उंचीवर, रात्रीच्या वेळी, किती जणांना फरक कळला असता? तरीही तिथे माणूस ठेवला गेला, आणि आज साठ वर्षांनंतरही जगभरातले थीम पार्क गायक, नर्तक, कसरतपटू, विदूषक, मुखवट्याआडचे कलाकार यांच्यावर खर्च करत आहेत. पाळणे आणि रोलर कोस्टर एकदा उभे केले की वर्षानुवर्षं चालतात. माणसाला रोज पगार द्यावा लागतो, तो आजारी पडतो, त्याचा घसा बसतो, गुडघा दुखतो. मग तो हवाच कशाला? थीम पार्कातली जिवंत करमणूक कशी घडते हे पाहताना या प्रश्नाभोवतीच फिरत राहावं लागतं.

पहिली गोष्ट प्रेक्षकाची. नाट्यगृहात येणारा माणूस नाटक पाहायला आलेला असतो. तिसरी घंटा झाली की तो गप्प होतो, पडदा उघडायची वाट पाहतो. पार्कातला माणूस प्रयोगासाठी आलेलाच नसतो. त्याच्या कडेवर मूल असतं, हातात नकाशा, डोक्यावर ऊन, आणि पुढच्या रांगेत किती वेळ जाईल याची चिंता. वॉल्ट डिस्नेला हा धडा पहिल्याच वर्षी मिळाला. डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी उघडलं. त्याच नोव्हेंबरात त्याने पार्कात मोठा तंबू ठोकून ‘मिकी माउस क्लब सर्कस’ सुरू केली. सर्कस हे त्याचं लहानपणापासूनचं वेड होतं, जनावरं होती, टीव्हीवरची लाडकी मुलं होती. जानेवारी १९५६ मध्ये तंबू उतरवावा लागला. सर्कस वाईट होती म्हणून नव्हे. लोक डिस्नेलँड बघायला आले होते, आणि दिवसातला तासाहून अधिक वेळ तंबूत बसून काढणं त्यांना परवडत नव्हतं.

त्याच पार्कातलं ‘गोल्डन हॉर्सशू’ हे मद्यगृहाच्या धर्तीवरचं छोटं नाट्यगृह मात्र पहिल्या दिवसापासून भरत राहिलं. पाय दुखले म्हणून, थंड पेय प्यायचं म्हणून लोक आत शिरायचे, आणि समोर गाणी, नाच, फुग्यांची जनावरं करणारा विनोदवीर असायचा. गाण्या-नाचाचा तो प्रयोग १९८६ पर्यंत चालला आणि सर्वाधिक प्रयोग झालेला संगीतमय कार्यक्रम म्हणून गिनेसच्या नोंदीत गेला. त्यातला मुख्य विनोदवीर वॉली बोग याचे प्रयोग चाळीस हजारांच्या घरात धरले जातात. मराठी रंगभूमीवर प्रयोगांच्या संख्येला केवढा मान आहे हे आपण जाणतो. प्रशांत दामले यांनी २०२२ च्या नोव्हेंबरात १२,५०० वा प्रयोग केला तो आपल्याकडे सोहळाच झाला, आणि तो अनेक नाटकांचा मिळून आकडा होता. बोगचा आकडा जवळजवळ एकाच संहितेचा. दिवसातून तीन-चार-पाच वेळा तीच वाक्यं, तेच फुगे, आणि समोर दर वेळी पहिल्यांदाच पाहणारं मूल. रंगभूमीवरच्या कुठल्याही नटाला हे आव्हान विचारून पाहावं. माझ्या मते अभिनयातल्या शिस्तीची याहून कठीण परीक्षा नाही.

तर पार्कातला प्रयोग कुठून सुरू होतो? बहुतेक वेळा लेखकाच्या टेबलावरून नाही. तो एखाद्या उणिवेतून सुरू होतो. पार्काच्या एका कोपऱ्यात दुपारी गर्दी तुंबते, दुसरा कोपरा ओस पडतो. संध्याकाळी सहानंतर कुटुंबं घरी निघतात आणि उपाहारगृहं रिकामी राहतात. नवा चित्रपट येतो आहे, पण त्याचा पाळणा उभारायला चार वर्षं लागतील. या उणिवा भरायला करमणूक विभागाला बोलावलं जातं. मग हिशेब मांडला जातो. समजा, १५०० खुर्च्या आणि दिवसाला ५ प्रयोग, म्हणजे ७५०० माणसं दिवसभरात सावलीत बसली, तेवढी रांगांतून कमी झाली. म्हणूनच पार्कातला प्रयोग सहसा वीस-पंचवीस मिनिटांचा असतो. त्याहून लांबला तर प्रयोगांची संख्या घटते, आखडला तर रांगेत थांबलेल्याला फसवल्यासारखं वाटतं. गोष्ट कुठल्याही भाषेच्या माणसाला कळली पाहिजे, मधूनच आत आलेल्यालाही लागली पाहिजे, आणि रडणारं मूल घेऊन कुणी उठून गेलं तरी बाकीच्यांचा रस तुटता कामा नये. या बेड्या घालून लिहायचं असतं. काही जणांनी त्या घालूनही सुंदर काम केलं. पुढे ‘फ्रोझन’च्या गाण्यांनी जगभर पोचलेलं क्रिस्टन अँडरसन-लोपेझ आणि रॉबर्ट लोपेझ हे जोडपं त्याआधी फ्लोरिडातल्या डिस्नेच्या ॲनिमल किंगडममध्ये २००७ साली सुरू झालेल्या ‘फाइंडिंग निमो’ या संगीतिकेची गाणी लिहून गेलं होतं.

संहितेनंतर चित्रफलक, मग संगीत. इथे नाटकाशी मोठी फारकत होते. बहुतेक मोठ्या प्रयोगांत संगीत, पार्श्वआवाज, कित्येकदा संवादही आधी ध्वनिमुद्रित केलेले असतात, आणि त्या ध्वनिफितीसोबत एक अदृश्य घड्याळ धावत असतं. त्याला टाइमकोड म्हणतात. अमुक सेकंदाला अमुक दिवा, अमुक सेकंदाला आगीचा लोळ, अमुक सेकंदाला कारंजं. नर्तकाचं पाऊल त्या घड्याळाशी बांधलेलं. ‘क्यू’ द्यायला विंगेत उभा असलेला माणूस आता संगणकाच्या पडद्यापुढे बसलेला असतो, पण तो गेलेला नाही. जिथे आग, उडी किंवा वर-खाली होणारा मंच आहे तिथे माणसाने डोळ्यांनी जागा मोकळी असल्याचं पाहून बटण दाबून धरल्याशिवाय यंत्र हलत नाही. बटणावरचं बोट उचललं की सगळं थांबतं. ही व्यवस्था मला सगळ्या तंत्रात सर्वांत शहाणपणाची वाटते.

मिरवणुकीचं कोडं याहून अवघड. तिथे प्रेक्षक स्थिर आणि रंगमंच चालता. आपल्या गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत पुढच्या पथकाचा ढोल आणि मागच्या पथकाचा ताशा एकमेकांत मिसळतात, आणि त्या गलक्यातच आपली मजा असते. डिस्नेलँडला ते नको होतं. १७ जून १९७२ रोजी रॉबर्ट जानी याच्या कल्पनेतून तिथे ‘मेन स्ट्रीट इलेक्ट्रिकल परेड’ निघाली, लाखो लहान दिव्यांनी मढवलेल्या चित्ररथांची. संगीताचा पाया होता पेरी आणि किंग्जली या दोघांनी १९६७ मध्ये सिंथेसायझरवर केलेली ‘बरोक होडाउन’ ही धून. पुढे या मिरवणुकीसाठी एक युक्ती बसवली गेली. संपूर्ण रस्ता पट्ट्यांत विभागला. पायाची धून सगळीकडे एकाच लयीत वाजत राहायची, आणि एखादा चित्ररथ एका पट्ट्यात शिरला की त्या पट्ट्यातल्या कर्ण्यांतून त्या रथाची खास चाल त्याच लयीवर चढायची. त्यामुळे रस्त्याच्या सुरुवातीला उभ्या असलेल्याला आणि शेवटच्या वळणावरच्या आजीला जवळजवळ एकच मिरवणूक ऐकू यायची. आज साध्या वाटणाऱ्या या जुळणीने पुढच्या पार्क मिरवणुकांचा पाया घातला.

तालमी होतात त्या रात्री. दिवसभर पार्क लोकांनी भरलेला, त्यामुळे प्रत्यक्ष जागेवरची तालीम दरवाजे बंद झाल्यावर सुरू होते आणि पहाटे झाडूवाले येईपर्यंत चालते. एका भूमिकेला एकच नट असा प्रकार नसतो. आठवड्याचे सातही दिवस प्रयोग, म्हणून दोन-तीन संच आणि त्यांच्यावर बदली कलाकार, ज्यांना चार-पाच जणांच्या हालचाली तोंडपाठ असाव्या लागतात. दिग्दर्शक पहिला प्रयोग लावून निघून जातो. मागे उरते एक जाडजूड वही, तिच्यात प्रत्येक पावलाची, प्रत्येक टोपीच्या कोनाची नोंद. दोन हजाराव्या प्रयोगाला मूळ संचातलं कुणीही उरलेलं नसतं, तरी प्रयोग तोच असावा अशी अपेक्षा असते. नृत्य कसं पातळ होत जातं, एखादा हात रोज इंच-इंच कसा खाली येतो, हे पाहणारा स्वतंत्र माणूस नेमावा लागतो.

आणि तरीही ज्या प्रयोगांची लोक वर्षानुवर्षं आठवण काढतात त्यांत एखादी फट मोकळी ठेवलेली आढळते. कॅलिफोर्नियातच ‘अलादीन’ची संगीतिका २००३ पासून २०१६ पर्यंत सुमारे दोन हजार खुर्च्यांच्या हायपेरियन नाट्यगृहात चालली. सारं काटेकोर, पण दिव्यातल्या जीनला मोकळीक. तो त्या आठवड्याच्या बातमीवर, ताज्या चित्रपटावर, कधी समोरच्या प्रेक्षकावर टोले मारायचा. स्थानिक लोक त्याच्यासाठी पुन्हा पुन्हा येत. आपल्याकडे तमाशातल्या सोंगाड्याला हीच मुभा असते आणि वग त्याच्याच जिभेवर तरतो.

अमेरिकेच्या बाहेर पाहिलं तर या क्षेत्रातलं माझ्या दृष्टीने सर्वांत विलक्षण ठिकाण फ्रान्समध्ये आहे. वांदे प्रांतातलं प्युई द्यू फू. तिथे पाळणेच नाहीत. सगळा पार्क प्रयोगांवर उभा. सुरुवात १९७८ साली झाली, तीही पार्क म्हणून नाही. फिलिप द व्हिलिए हा तेव्हा सत्ताविशीच्या आसपासचा तरुण. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातल्या यादवीत जळालेल्या एका गढीच्या पडक्या भिंतींपुढे, तळ्याच्या काठी, गावकऱ्यांना घेऊन त्याने ‘सिनेसेनी’ नावाचा रात्रीचा प्रयोग उभा केला. एका शेतकरी कुटुंबाच्या पिढ्यांतून सांगितलेला प्रांताचा इतिहास. आज त्याचा रंगमंच २३ हेक्टरांचा, म्हणजे ५७ एकरांच्या जवळपास आहे. उन्हाळ्यातल्या शुक्रवार-शनिवारच्या रात्री अडीच हजारांच्या आसपास माणसं त्यावर येतात, घोडे आणि गुरंही, आणि समोर तेरा हजारांवर प्रेक्षक बसतात. ही माणसं पगारी नाहीत. आसपासच्या गावांतले शिक्षक, शेतकरी, दुकानदार, आजोबा आणि नातवंडं पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्याच्या या रात्री देतात. १९८९ मध्ये शेजारी दिवसाचा पार्क उघडला. तिथले कलाकार व्यावसायिक, तिथे रोमन आखाडा आहे, व्हायकिंगांचा हल्ला आहे, प्रेक्षकांच्या डोक्यांवरून घिरट्या घालणारे शेकडो पक्षी आहेत. ‘ल दर्निए पानाश’ या २०१६ च्या प्रयोगात प्रेक्षकांची बैठकच फिरते आणि चारी बाजूंच्या रंगमंचांपुढे थांबत जाते. १९९८ पासून मुलांना घोडेस्वारी, नृत्य, पक्षी हाताळणं शिकवणारी शाळाही तिथे चालते. २०२१ मध्ये स्पेनमध्ये टोलेडोजवळ याच मंडळींचा दुसरा पार्क उघडला.

हे वाचताना मराठी माणसाला ‘जाणता राजा’ आठवल्यावाचून राहणार नाही. बाबासाहेब पुरंदरे यांचं हे महानाट्य १९८५ च्या सुमारास सुरू झालं आणि त्याचे हजारावर प्रयोग झाले. दोन्हींची घडण नकळत सारखी आहे. उघड्यावरचा भव्य मंच, खरी जनावरं, आधी मुद्रित केलेले संवाद आणि त्यांवर अभिनय करणारे हौशी कलाकार. बाबासाहेबांची मंडळी ज्या गावी जात तिथल्याच तरुणांना मावळे म्हणून उभं करत. संवाद ध्वनिफितीवर असल्यामुळेच हे शक्य होतं. बँकेत काम करणारा मुलगा चार दिवसांच्या तालमीत भालदार होऊ शकतो, कारण त्याला आवाज फेकायचा नसतो, चालायचं आणि मुजरा करायचा असतो. ध्वनिमुद्रण म्हणजे जिवंत कलेचा घात, असं नाटकवाले म्हणतात. या दोन ठिकाणी त्याच ध्वनिफितीने हजारो सामान्य माणसांना रंगमंचावर आणलं आहे, ही गोष्ट त्या वादात विसरली जाऊ नये. फरक एवढाच की फ्रान्समधला प्रयोग एका जागी रुजला, त्याभोवती हॉटेलं, शाळा, रोजगार उभे राहिले. आपला प्रयोग गावोगाव फिरला. पुण्यात आंबेगावला शिवसृष्टीचा पहिला टप्पा १९ फेब्रुवारी २०२३ रोजी खुला झाला, तेव्हा महाराजा शिवछत्रपती प्रतिष्ठानचं हे काम पहिल्यांदा कायमच्या जागी आलं.

इतिहासाचा प्रयोग करणाऱ्यावर मोठी जबाबदारी येते. २०२२ मध्ये चार फ्रेंच इतिहासकारांनी मिळून प्युई द्यू फूमधल्या इतिहासावर टीकेचं पुस्तक काढलं. राजेशाहीला आणि चर्चला झुकतं माप देणारी, सोयीस्कर गोष्ट तिथे इतिहास म्हणून खपवली जाते, हा त्यांचा आक्षेप. मला तो आक्षेप गंभीर वाटतो. पुस्तकातली चूक वाचणाऱ्यापुरती राहते. घोड्यांच्या टापा, आग आणि वाद्यवृंद घेऊन आलेली चूक दहा वर्षांच्या मुलाच्या मनात आयुष्यभर बसते. शिवचरित्राच्या मांडणीवरचे महाराष्ट्रातले वाद ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको.

आता कलाकाराच्या शरीराकडे येतो. मुखवटा आणि केसाळ पोशाख घालून उभ्या असलेल्या कलाकाराला बोलायची परवानगी नसते. आनंद, लाज, आश्चर्य सारं मानेतून आणि हातांतून दाखवायचं. आत घामाच्या धारा, दृष्टी एवढ्याशा जाळीतून, आणि अंगावर झेपावणारी मुलं. म्हणून पाळी अर्ध्या तासाच्या आतबाहेरची असते, आणि सोबत साध्या कपड्यातला एक सोबती असतो, जो रांग सांभाळतो आणि आतल्या माणसाची खूण ओळखतो. कसरतीच्या प्रयोगांत धोका उघडच आहे. २००९ मध्ये फ्लोरिडातल्या इंडियाना जोन्सच्या कसरत प्रयोगाच्या तालमीत एका कलाकाराचा जीव गेला. फेब्रुवारी २०१० मध्ये ऑर्लँडोच्या सीवर्ल्डमध्ये ओर्का व्हेलने आपल्या प्रशिक्षिकेला पाण्यात ओढून मारलं. त्यानंतर प्रशिक्षक ओर्कांसोबत पाण्यात उतरून प्रयोग करीनासे झाले, २०१३ च्या ‘ब्लॅकफिश’ माहितीपटाने लोकांचं मन पालटलं, आणि २०१६ मध्ये सीवर्ल्डने ओर्कांची पैदास थांबवत असल्याचं जाहीर केलं. प्राण्याला रंगमंचावर आणताना त्याची संमती घेता येत नाही. हा मुद्दा कळायला अर्धं शतक आणि माणसांचे बळी लागले याचं वाईट वाटतं.

पोटाचा प्रश्न वेगळाच. करोनाच्या वर्षी, २०२० च्या ऑक्टोबरात, फ्लोरिडातल्या डिस्नेच्या सातशेहून अधिक रंगमंच कलाकारांना कामावरून कमी केलं गेलं. पाळणे काही महिने थांबवून पुन्हा चालू करता येतात. विखुरलेला संच पुन्हा जमत नाही.

यंत्रं दरम्यान थक्क करणारी झाली आहेत. जून २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात उघडलेल्या ॲव्हेंजर्स कँपसमध्ये स्पायडरमॅन सुमारे ६५ फूट उंच हवेत कोलांट्या घेतो. ते यंत्र आहे. ते इमारतीआड पडतं आणि क्षणात भिंतीवरून खरा माणूस उतरून मुलांशी बोलायला येतो. कामाची ही वाटणी मला फार बोलकी वाटते. माणसाला मारून टाकील अशी उडी यंत्राला दिली आणि ओळख करून घेण्याचं काम माणसाकडे ठेवलं. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या एपकॉट पार्कात २००४ पासून ‘टर्टल टॉक विथ क्रश’ चालतो. पडद्यावरचं कासव समोरच्या मुलाला त्याच्या नावाने हाक मारतं, त्याच्या शर्टावरच्या चित्राबद्दल विचारतं. पडद्यामागे एक नट बसलेला असतो, त्याच्या बोलण्यानुसार चित्र हलतं. म्हणजे बाहुल्यांचा खेळच, दोऱ्यांच्या जागी संगणक. मुलांना चित्राचं कौतुक नसतं, कासवाने आपलं ऐकलं याचं असतं.

ही प्रश्नोत्तरं ताणत नेली तर काय होतं तेही करून झालं आहे. कॅलिफोर्नियातल्याच नॉट्‌स बेरी फार्म या पार्काने २०१६ मध्ये आपल्या जुन्या ‘घोस्ट टाउन’च्या गल्ल्यांत दिवसभर चालणारं नाटक सुरू केलं. शेरीफ, दरोडेखोर, टपाल कचेरी, आणि पाहुण्यांनी चिठ्ठ्या पोचवून गोष्ट पुढे न्यायची. वेगळं तिकीट नाही, प्रचंड यंत्रणा नाही. ते जमलं. डिस्नेने मार्च २०२२ मध्ये हीच कल्पना टोकाला नेली. ‘गॅलॅक्टिक स्टारक्रूझर’ या शंभर खोल्यांच्या अंतराळयान-हॉटेलात दोन रात्री राहायचं आणि कलाकारांसोबत गोष्ट जगायची, दोघांसाठी सुमारे ४८०० डॉलर. ज्यांनी ते अनुभवलं त्यांतले पुष्कळ जण आजही भारावून बोलतात. सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस ते बंद झालं. एका कलाकाराने थोड्याच माणसांना पुरेपूर वेळ द्यायचा तर त्या वेळेची किंमत फार थोड्यांच्या आवाक्यात राहते. हजारोंना अर्धं मिनिट की शंभरांना दोन दिवस, हा हिशेब अजून कुणाला सुटलेला नाही. नॉट्‌सने मधली वाट दाखवली, ती मला जास्त दूरवर जाणारी वाटते.

डिस्नेलँडमधल्या नदीवर १३ मे १९९२ पासून ‘फँटॅस्मिक’ चालतो. पाण्याच्या तुषारांच्या पडद्यावर चित्रं, जहाजं, आणि शेवटी मेलेफिसेंट चेटकिणीचा ४५ फुटी यांत्रिक ड्रॅगन. २२ एप्रिल २०२३ च्या रात्री भर प्रयोगात त्या ड्रॅगनचं डोकं पेटलं आणि बघता बघता सगळा सांगाडा जळाला. कलाकारांना वेळीच हलवलं गेलं. प्रयोग वर्षभर बंद राहिला. २४ मे २०२४ रोजी तो परत आला तेव्हा ड्रॅगन नव्हता. त्याच्या जागी मेलेफिसेंटची भूमिका करणारी कलावंत लांब झग्यात उंच, आणखी उंच चढत जाते आणि वरून मिकीला आव्हान देते. त्याच्या सहाच दिवस आधी त्याच पार्कातल्या पात्रांची भूमिका करणाऱ्या आणि मिरवणुकीत नाचणाऱ्या सुमारे १७०० कलाकारांच्या मतदानाची मोजणी झाली होती. ॲक्टर्स इक्विटी या नटांच्या संघटनेत जावं का, हा प्रश्न. पोशाखांची स्वच्छता, दुखापती, कामाच्या वेळा या त्यांच्या तक्रारी होत्या. होय म्हणणारे ९५३, नाही म्हणणारे २५८.